ओब्रायन : घरची लेक की घरची सून?

मैत्रिणींनो, लग्न झालं की बहुतेकींचं आडनाव बदलतं. मग नुसत्या आडनावावरून ही घरची लेक की सून, हे कळायचं कसं? आयर्लंडच्या मूळ भाषेत मात्र ते लगेच कळतं!

‘ओब्रायन’ हेच आडनाव घ्या ना. ‘ओ’ म्हणजे नातू, वंशज. ओब्रायन म्हणजे ब्रायनचे वंशज. हा ब्रायन बोरू आयर्लंडचा मोठा राजा. १०१४ साली क्लॉनटार्फच्या लढाईत तो मारला गेला. क्लेअर, लिमरिक हे या घराण्याचे मूळ परगणे. पुढे पोटापाण्यासाठी माणसं बाहेर पडली आणि आडनाव इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचलं.

आता गंमत पाहा. आयरिश भाषेत मुलगा ‘ओ ब्रीन’, लेक ‘नी व्रीन’ आणि सून ‘ई व्रीन’! इंग्रजी अमलात नावांना इंग्रजी वळण लागलं आणि तिघांनाही एकच ‘ओब्रायन’ उरलं.

क्लेअरमध्येच जन्मलेल्या लेखिका एडना ओब्रायन यांनी लग्नानंतरही माहेरच्याच नावानं लिहिलं. १९६० साली त्यांच्या पहिल्या कादंबरीवर आयर्लंडमध्ये बंदी आली. पण नाव झालं ते याच नावानं!

तुम्हाला माहेरच्या नावानं सही करून किती वर्षं झाली हो?