हवा भरण्याचा फिरता पंप : निवड कशी करावी

गाडीच्या चाकास लोखंडी धांव होती तोंपर्यंत शेतकऱ्यास हवेची चिंता नव्हती. १८८८ सालीं डनलॉप यानें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें; पुढें १९३२ च्या सुमारास अमेरिकेंत ट्रॅक्टरासही असे टायर बसूं लागले. आज पिकअप, ट्रॅक्टर व ट्रॉली सर्वच हवेवर चालतात. पंक्चरचें दुकान मात्र बांधावर नसतें. भाजीपाला भरून रात्रीं निघालेली गाडी एका चाकासाठीं अडून राहिली, तर सकाळचा लिलाव तिच्यासाठीं थांबत नाहीं. म्हणून एक पंप पदरीं असावा, हें बहुतेकांस पटलें आहे. तो कोणता असावा, येथेंच फसगत होते.

बहुतेक लहान विजेच्या पंपांच्या खोक्यावर '१५० पौंड' असा आंकडा ठळक छापलेला असतो. चौरस इंचास इतका दाब पंप सोसूं शकतो, एवढाच त्याचा अर्थ. मोटारीस ३० ते ३५ पौंड पुरतात, मग त्या १५० चें करावयाचें काय? पाहावयाचें तें मिनिटास किती लिटर हवा जाते हें; आणि तो आंकडा बहुधा बारीक अक्षरांत असतो, कधीं नसतोच.

हिशेब सोपा आहे. मोटारीच्या टायरांत सुमारें ३५ लिटर जागा धरली, तर ३३ पौंड दाबासाठीं बाहेरची सुमारें ८० लिटर हवा आंत कोंबावी लागते. मिनिटास २० लिटर देणारा पंप हें काम चार-पांच मिनिटांत करील. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत अडीचशे लिटरांच्या आसपास जागा असते, पण दाब १५ पौंडच लागत असल्यानें तेवढीच, म्हणजे अडीचशे लिटर, हवा पुरे. खरी कसोटी ट्रॉलीची. तिच्या टायरांत शंभर लिटर जागा व पन्नास पौंड दाब धरला, तर साडेतीनशे लिटरांजवळ हवा लागते. दाब वाढेल तसा पंप मंदावतो, म्हणून वेळ हिशेबाहून जास्तच लागतो. आणि लहान पंपास दहा-पंधरा मिनिटांनीं विसांवा न दिल्यास तो तापून जळतो. तेव्हां आपल्या घरच्या सर्वांत कठीण चाकाचा हिशेब प्रथम करावा व मग दुकानांत जावें.

वीज कोठून घेणार, हाही प्रश्न आहे. मोटारीच्या पुढील खोबणींत बसणाऱ्या पंपास फ्यूजची मर्यादा पडते. बहुधा १०-१५ अँपियरहून अधिक प्रवाह तेथें मिळत नाहीं. मोठा पंप चिमट्यांनीं थेट बॅटरीस जोडावा. ट्रॅक्टरची बॅटरीही सामान्यतः बारा व्होल्टांचीच असल्यानें तो दोहोंकडे चालतो. जोडतांना इंजिन चालू ठेवावें, नाहीं तर चाक भरेल आणि गाडी सुरूच होणार नाहीं! स्वतःची बॅटरी असलेले हातांत मावणारे पंप मोटारसायकलीस व मोटारीस ठीक. परंतु उन्हांत तापलेल्या गाडींत महिनोन्‌महिने पडून राहिले म्हणजे ऐन वेळीं दगा देतात. आमच्या मतें अशा पंपाजवळ पायानें दाबावयाचा दुहेरी नळ्यांचा एक साधा पंप असावाच. त्यास घाम लागतो, वीज लागत नाहीं.

घेतांना नळी व तार मागच्या चाकापर्यंत पोंचते कीं नाहीं, तें दुकानांतच पाहावें. पंपावरील दाबमापक एकदां चांगल्या मापकाशीं ताडून घ्यावा व हवा नेहमीं सकाळीं, चाक थंड असतां मोजावी. ट्यूबविरहित टायर रिंगेवरून पूर्ण सुटला असेल, तर लहान पंपानें तो बहुधा बसत नाहीं. तेथें दुकानच गांठावें.

ट्रॅक्टरच्या चाकांत वजनासाठीं पाणी भरलेलें असेल, तर व्हॉल्व्ह वर येईल असें चाक फिरवूनच पंप वा मापक लावावा. खालीं राहिल्यास पाणी मापकांत शिरून तो निकामी होतो.