भागीची घोडी, वैरणीचा हिशेब

‘भागीचे घोडे किवणाने मेले’ ही म्हण ज्याने केली, त्याने पागा आतून पाहिलेली असणार. दोघांचे घोडे लाभापुरते दोघांचे असते, देखभालीला मात्र कोणाचेच नसते. मिरज भागात घोडागाडीच्या शर्यतीची आणि वरातीच्या घोड्याची हौस आजही आहे, म्हणून एक बेत सहज जमतो: जमीन आणि राबणूक एकाची, पैसा दोघांचा, चांगली घोडी घ्यायची आणि शिंगरे निम्मी निम्मी.

हा बेत मनात येतो तो शेळीच्या अर्धलीवरून. आपल्याकडे शेळी अर्धलीने देतात आणि ते व्यवहार वर्षानुवर्षे सुरळीत चालतात. शेळी पाच महिन्यांत विते, बहुधा दोन करडे देते, वाटणी लगेच होते. घोडीचे गणित वेगळे आहे. ती सुमारे अकरा महिने गाभण राहते आणि एकच शिंगरू देते. पोटात जुळे असेल तर आनंदाची नव्हे, काळजीची गोष्ट. बहुतेक वेळा ते टिकत नाही आणि घोडीच्याही जिवावर बेतते. घोडी माजावर येते ती मुख्यतः दिवस मोठे असण्याच्या काळात. तो हंगाम चुकला की वर्ष गेले.

आता पैशाचा प्रवास पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी. समजा घोडी तीन लाखांची. खुराक, वैरण, मोतद्दार, नालबंद आणि औषधे धरून रोजचा खर्च ५०० रुपये. मार्चमध्ये घेतली, एप्रिलमध्ये फळली, पुढच्या मार्चमध्ये व्याली. सहा महिन्यांनी शिंगरू दुधावरून तोडले आणि दोन वर्षांचे झाल्यावर विकायला काढले. खरेदीपासून तीन वर्षे झाली. तेवढ्यात घोडीवरच ५,४७,५०० रुपये खर्च झाले, शिंगराचा खुराक वेगळा. पहिल्या दिवशी प्रत्येकाने दीड लाख काढले आणि ‘माझे दीड लाख गुंतलेत’ असे मनात धरले. प्रत्यक्षात प्रत्येकाचे सव्वाचार लाखांच्या आसपास गुंतले. घोडी एका हंगामात फळली नाही, तर त्यात आणखी १,८२,५०० रुपयांची भर पडते आणि हाती काहीच येत नाही.

भागी मोडते ती इथे. घोडी मरते तेव्हा दोघे एकत्र रडतात. तिसऱ्या वर्षी वैरणीचे पैसे मागितले की फोन उचलला जात नाही. पेशव्यांनी मिरजेच्या पटवर्धनांना सरंजाम दिला तो घोडदळ बाळगण्यासाठी, म्हणजे घोड्याच्या दाण्याची सोय आधीच गावांच्या उत्पन्नातून लावून दिलेली असे. या जुन्या व्यवस्थेतला शहाणपणा मला फार मोलाचा वाटतो. म्हणून खरेदीआधी तीन वर्षांचा खर्च दोघांच्या सहीने चालणाऱ्या खात्यात ठेवावा. तेवढा पैसा नसेल तर घोडी घेऊ नये.

राबणाऱ्याच्या कष्टाचा भावही आधी ठरवावा. घोडी बहुधा रात्री विते. शिंगराला जन्मतः रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ नसते. ती आईच्या चिकातून पहिल्या काही तासांत मिळते. त्या रात्री जो जागतो तो शिंगराचा जीव वाचवतो, आणि वहीत त्याच्या नावावर शून्य रुपये लिहिलेले असतात. ही खंत साचत जाते.

आजारांपैकी पोटशूळ काही तासांत होत्याचे नव्हते करू शकतो. माश्यांमुळे पसरणारा सर्रा घोडीला खंगवतो. ग्लँडर्स मात्र कायद्याने कळवण्याचा रोग आहे, तो माणसालाही होतो आणि बाधित घोड्याला मारावे लागते. भरपाई सरकारी दराने मिळते, तुम्ही मोजलेल्या किमतीने नाही. विमा जरूर घ्यावा, पण मृत्यूचे संरक्षण वेगळे आणि घोडी फळत नसल्याचे नुकसान वेगळे, हे पॉलिसीत शोधून वाचावे.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९३२च्या भागीदारी कायद्यानुसार करारात काही लिहिले नसेल, तर नफा आणि तोटा समान वाटला जातो, कोणी किती पैसे घातले हे न पाहता. फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्ण जबाबदार असतो; म्हणजे भागीदाराने पेंडवाल्याकडे केलेली उधारी तुमच्या दारात येऊ शकते. नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदाराला करारातला हक्क बजावण्यासाठी दावा लावता येत नाही. मुख्यतः भागी मोडून हिशेब मागण्याचाच रस्ता उरतो. २०२४मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोड्यांच्या उद्योगासाठी ५० टक्के, कमाल ५० लाखांपर्यंत भांडवली अनुदान आले. मात्र पात्र अर्जदारांत व्यक्ती, शेतकरी उत्पादक संस्था, बचत गट, संयुक्त देयता गट वगैरे आहेत. साध्या भागीदारी फर्मचे नाव त्या घोषणेत नाही. अनुदान धरून बेत आखणाऱ्यांनी हे आधी तपासावे. घोडेपालनाचे उत्पन्न शेतीच्या उत्पन्नात बसत नाही, त्यामुळे करही लागतो.

विक्रीलाही वेळकाळ आहे. सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला भरतो आणि तो मिरजेहून पार महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, तापीकाठी. शिंगरू त्या आठवड्यात लंगडले तर मनासारखे गिऱ्हाईक पुन्हा वर्षभराने.

करारात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: घोडीची कागदपत्रे कोणाच्या नावावर, विकण्याचा निर्णय कोणाचा, एकाने खर्च थांबवला तर त्याचा हिस्सा कोणत्या हिशेबाने घटणार, आणि किंमत ठरवणारा तिसरा माणूस कोण. घोडी गाभण असताना भागी मोडली तर पोटातले शिंगरू कोणाचे, हेही त्यातच लिहावे. त्या वेळी फळवणीचे पैसे एकाने दिलेले असतात आणि वैरण दुसऱ्याने घातलेली असते.