स्पिती सायकलवर : आधी रात्रीचे मुक्काम ठरवा

स्पितीला सायकलने निघालेली मंडळी आपला आराखडा दाखवायला आणतात, तेव्हा मी त्यात सगळ्यात आधी एक रकाना शोधतो. बहुतेक वेळा तो नसतोच. तारीख असते, कुठून कुठे ते असतं, किलोमीटर असतात, हॉटेलवाल्याचा नंबरसुद्धा असतो. ज्या गावात रात्री झोपायचं त्याची उंची मात्र कुणी लिहिलेली नसते. शिमल्याहून किन्नौरमार्गे काझा साधारण सव्वाचारशे किलोमीटर. पुणे-गोवा सायकलवर केलेला माणूस या आकड्याला चाराने भागतो आणि रजेचा अर्ज टाकून मोकळा होतो. चूक तिथेच होते.

या भागाकारामागे एक पक्का समज असतो : अंगात दम असेल तर उंची बाधत नाही. सिंहगडाचा घाट न थांबता चढणाऱ्याला तो खराही वाटतो. पण कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे आणि काझा त्याच्या दुपटीहून उंच, साडेतीन हजार मीटरच्या वर. तिथेही हवेत प्राणवायूचं प्रमाण मुंबईइतकंच असतं, सुमारे २१ टक्के. उतरतो तो हवेचा दाब. काझाला तो समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश राहतो, काझाहून मनालीकडे जाताना लागणाऱ्या कुंझुम खिंडीत साठ टक्क्यांच्याही खाली जातो. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर आत जाणारा प्राणवायू कमी होतो. याच्याशी जुळवून घ्यायला शरीराला दिवस लागतात, आणि ते दिवस मांड्यांच्या ताकदीने कमी होत नाहीत. उलट तयारीचा सायकलस्वार भरभर वर पोचतो, म्हणून त्याला धोका जास्त.

आमच्या स्पितीच्या फेरीत असाच एक जण होता, रविवारी सिंहगड तीनदा चढणारा. काझाच्या वाटेवरच्या नाको गावात दुपारी तीनला सगळ्यांच्या आधी पोचला, तळ्याकाठी फोटो काढले, आम्ही येईपर्यंत त्याचा चहाही झाला होता. त्रास सुरू झाला तो रात्री. समोरचं राजमा-भाताचं ताट त्याने सरकवून दिलं आणि दोन्ही हातांत डोकं धरून बसला. सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकला की उमासे. उंचीची लक्षणं बहुधा पोचल्यावर सहा ते बारा तासांनी दिसू लागतात, त्यामुळे ‘पोचलो तेव्हा तर ठणठणीत होतो’ याला काही अर्थ नसतो. आम्ही तिथेच थांबलो. दुसऱ्या रात्री तो झोपला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःहून पराठा मागितला, तेव्हा सायकली बाहेर काढल्या. त्याचा तोल जाऊ लागला असता, बोलणं अडखळलं असतं किंवा नुसतं बसूनही धाप लागली असती, तर उजाडायची वाट न बघता त्याला गाडीत घालून खाली न्यावं लागलं असतं. त्या अवस्थेत खाली उतरणं हाच पहिला उपचार.

डॉक्टर सांगतात तो हिशोब साधा आहे : तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं. हा हिशोब शिमल्याच्या वाटेवर लावून बघा. कल्पा तीन हजारांच्या जरा खाली. तिथून रस्ता पुन्हा सतलजच्या काठी उतरतो. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते आणि त्या संगमापासून वळणावळणांनी थेट नाको, ३,६६० मीटर. एका दिवसात हजार मीटरहून जास्त चढ. म्हणून नाकोला दोन रात्री हव्यातच, आजारी पडायची वाट न बघता. पुढे ताबो पुन्हा ३,३०० च्या आसपास आहे, तिथे झोप छान लागते आणि ९९६ सालचा मठ बघायला निवांत दुपार मिळते. मग काझाला दोन-तीन रात्री. त्यातला एक दिवस हिक्किम, कोमिककडे साडेचार हजारांपर्यंत चढायचं आणि झोपायला काझालाच परतायचं. कुंझुमची खरी तयारी ही.

मनालीकडून अंतर निम्मं पडतं म्हणून तिकडून सुरुवात करावी, असंही बरेच जण म्हणतात. मनाली दोन हजार मीटरवर, आणि तिकडून जाणारा सायकलस्वार दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बातलला, चार हजारांच्या जवळ, झोपलेला असतो. दुसऱ्या दिवशी समोर साडेचार हजारांवरचा कुंझुम. मनाली उतरण्यासाठी ठेवावी.

कापराबद्दल बोलायलाच हवं, कारण आपल्याकडच्या प्रत्येक गटात कुणाच्या तरी आईने पुरचुंडी बांधून दिलेली असते. कापूर हुंगला की नाकात गार वाटतं, श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही. ही पुरचुंडी काळजीपोटी दिलेली असते हे मी जाणतो, पण तिच्या भरवशावर डोकेदुखी अंगावर काढून वर चढलेले लोक मी पाहिले आहेत. प्राणवायूचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो. डायमॉक्स या नावाने मिळणारं असेटाझोलामाइड खरोखर उपयोगी आहे, ते शरीराला जुळवून घ्यायला मदत करतं. मात्र सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी जपायला हवं, म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

मुलांच्या सुट्ट्या मे महिन्यात असतात, पण कुंझुम बहुतेक वर्षी जूनच्या सुमाराला उघडतो. ‘स्पितीत पाऊस पडत नाही, मग जुलै-ऑगस्टला काय हरकत?’ हा प्रश्न अर्धवट माहितीतून येतो. स्पिती पर्जन्यछायेत आहे हे खरं, पण तिथे जाण्याची वाट किन्नौरमधून किंवा मनालीकडून आहे, आणि तिथे पावसाळ्यात दरडी कोसळतात. जुलै २०२३ मध्ये तर कुंझुमजवळच्या चंद्रताल तळ्यावर अडीचशेहून जास्त पर्यटक बर्फामुळे कित्येक दिवस अडकले होते. माझी पसंती सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांना. तरीही २०१८ च्या सप्टेंबरअखेरीस लाहौलमध्ये अवेळी बर्फ पडून शेकडो लोक अडकले हे विसरू नये. दोन दिवस हाताशी राखलेले असावेत आणि परतीचं तिकीट त्या दोन दिवसांनंतरचं काढावं.

सायकल महागच हवी असं नाही. तिला विचारायचा प्रश्न एकच : पुढची सगळ्यात लहान चेनरिंग मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीपेक्षा बरीच लहान आहे ना? पुढे २२ दात आणि मागे ३४-३६ असतील तर सामानासकट, बसल्या बसल्या चढ चढता येतो. आणि मागचा डिरेलर फ्रेमला जिथे जोडलेला असतो तिथे बघा. अ‍ॅल्युमिनियमचा एक छोटा तुकडा असतो, काडेपेटीत मावेल एवढा. त्याला हॅन्गर म्हणतात. तो मुद्दाम मऊ केलेला असतो, म्हणजे सायकल आपटली तर फ्रेमऐवजी तो वाकतो. प्रत्येक मॉडेलचा हॅन्गर वेगळा, त्यामुळे काझाला तो मिळेल ही आशा धरू नका. तो एक जादा आणि ब्रेक पॅडच्या दोन जोड्या घरूनच न्या. हे सामान मात्र पॅनियरमध्ये ठेवायचं. पाठीवरची जड सॅक चढावर खांदे आणि बूड दोन्ही सोलून काढते.

रेंज गेली की जीपीएसही गेलं, ही भीती निराधार आहे. फोन जीपीएसचे संकेत थेट उपग्रहांकडून घेतो. इंटरनेट लागतं ते नकाशासाठी, आणि नकाशा आधीच उतरवून ठेवता येतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून रात्री फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. याच्या नेमका उलटा गैरसमज परदेशातून येणाऱ्या आपल्या नातेवाइकांचा असतो. अमेरिकेतल्या भावाकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र असतं आणि सुरक्षिततेसाठी तो ते घेऊन येतो. भारतात दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं यंत्र बाळगणं गुन्हा आहे आणि त्यापायी परदेशी पाहुण्यांना अटक झालेली आहे. ते त्याने तिकडेच ठेवून यावं. आणि त्याचा पासपोर्ट परदेशी असेल तर रेकाँग पिओ ते काझा या पट्ट्यासाठी त्याला परवाना लागेल. भारतीय नागरिकांना लागत नाही.

शेवटचा टप्पा बातल ते छत्रू. अंतर तीसेक किलोमीटर आणि बहुतेक उतार, म्हणून लोक उशिरा उठून निवांत निघतात. हा रस्ता हिमनद्यांचं पाणी वाहून आणणारे नाले ओलांडत जातो. रात्री थंडीने वितळणं मंदावतं, ऊन चढलं की पाणी वाढत जातं आणि दुपारनंतर सगळ्यात जास्त असतं. आम्ही बातलच्या ढाब्यावर अंधारातच चहा घेतला आणि साडेपाचला निघालो. पहिल्या मोठ्या नाल्याशी मोजे काढून नुसत्या पायांवर बूट चढवले, कारण तळाचे गोटे हलते असतात आणि अनवाणी पाय त्यांत अडकतो. नाकोला ताट सरकवणारा तो गडी सगळ्यात आधी पाण्यात उतरला. पाणी त्याच्या पोटरीच्याही खाली होतं. छत्रूला जेवत असताना मनालीकडे निघालेला एक ट्रकवाला मागून येऊन पोचला. त्याच नाल्यात तो तासभर खोळंबला होता.