मुळा-मुठेच्या माशांची दोन नावं

पुण्याजवळच्या भूगावच्या उत्तरेला मुळा वाहते, दक्षिणेला मुठा. या दोन नद्यांतल्या कित्येक माशांची नोंद जगभरच्या प्राणिशास्त्राच्या दप्तरी मराठी नावांनीच झालेली आहे, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये इथल्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. शास्त्रीय नावाचे शब्द दोन, पहिला प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. या दुसऱ्या जागी साइक्सनी लॅटिन विशेषण शोधण्याऐवजी इथल्या लोकांच्या तोंडचे शब्द बसवले. शिंगटी त्यांच्या कानाला ऐकू आली तशी 'सीन्गटी' झाली, मल्याचं 'मुल्या' झालं, आणि 'रोहटी' तर थेट प्रजातीच्या नावापर्यंत चढली. पुण्याच्या पूर्वेला आठेक मैलांवर मिळालेल्या महाशीरला त्यांनी 'खुद्री' म्हटलं आणि नदीचं नाव लिहिलं 'मोटा मोला'. साहेबाच्या कानानं केलेली ही मोडतोड आज सुधारता येत नाही. पहिल्या वर्णनात जे स्पेलिंग छापलं गेलं तेच साधारणपणे कायम ठेवायचं, असा नामकरणाचा नियम आहे.

लोकांकडे नावं आधीच होती, तर शास्त्रज्ञांनी वेगळी बारशी कशाला करायची? आक्षेप रास्त आहे, पण 'वाम' या एका शब्दापाशी तो अडखळतो. कोकणच्या बाजारात वाम म्हणजे समुद्रातला लांबलचक मासा. देशावर तेच नाव पाठीवर बारीक काट्यांची रांग असलेल्या, गोड्या पाण्यातल्या माशाला मिळतं. दोन्ही सापासारखे दिसतात, पण त्यांचे गण वेगळे आहेत, म्हणजे नातं अगदी दूरचं. मासळी विकत घेताना यानं काही बिघडत नाही, कारण मासा समोरच टोपलीत असतो. तो समोर नसतानाही नेमका कुठला, हे ठरवायचं असेल तर नावाला कुठेतरी खुंटी लागते. ती खुंटी म्हणजे संग्रहालयात जपलेला मूळ नमुना. शास्त्रीय नाव हे खरं तर एक विधान असतं: हा जीव त्या नमुन्याच्या जातीचा आहे आणि ती जात अमुक प्रजातीत मोडते. विधान म्हटलं की ते तपासता येतं आणि चुकीचंही ठरू शकतं.

शिंगटीचंच पाहा. चपटं डोकं, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या आणि त्यांतली एक पार मागेपर्यंत पोहोचणारी. अंगाला खवले नाहीत, पाठीच्या पराला टोकदार काटा. गंगेच्या खोऱ्यातला मिस्टस कावासियस, ज्याचं वर्णन हॅमिल्टन या शास्त्रज्ञांनी १८२२ मध्ये केलं होतं, तोही वरवर असाच दिसतो. म्हणून दख्खनची शिंगटी बराच काळ त्याच्याच खात्यात जमा होती. जुनं नाव आधी, या नियमानं साइक्सचं नाव बाद झाल्यासारखंच होतं. २००५ मध्ये दोन अभ्यासकांनी हे मासे पुन्हा ताडून पाहिले, आणि मिस्टस सीन्गटी ही स्वतंत्र जात म्हणून पुन्हा उभी राहिली. नावं सारखी बदलतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते, आणि ती खोटी नाही. विद्यार्थी आणि वनाधिकारी दोघंही त्यानं वैतागतात. पण इथं नाव बदललं नसतं तर दख्खनचा एक मासा कागदावर नाहीसाच राहिला असता.

साइक्सनीच दिलेल्या 'मुसुल्ला' या नावाची गोष्ट अधिक गंभीर आहे. साइक्सचा मूळ नमुना हाताशी नव्हता. त्यामुळे हे नाव कावेरीतल्या, पाठीला वशिंड असलेल्या प्रचंड महाशीरला चिकटलं. साइक्सचा मासा मुळात महाशीरच नाही, तो हिप्सेलोबार्बस प्रजातीतला, असं २०१३ मध्ये मांडण्यात आलं. मग कावेरीतला तो मासा कोण? २०१८ मध्ये त्याची ओळख टोर रेमादेवी अशी पटली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जागतिक लाल यादीत गेला. नेमकं नाव नसलेल्या माशाला त्या यादीत जागा कशी मिळणार? दरम्यान लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली बोटुकली कावेरीत सोडली जात होती. ती आपल्या मुळा-मुठेच्या खुद्रीची. महाशीर तो महाशीर, एवढ्या ढोबळ समजुतीवर एका नदीचा मासा दुसरीत गेला आणि तिथं बस्तान बसवून मूळच्या माशाला भारी पडला.

लोणावळ्यात महाशीरच्या कृत्रिम प्रजननावर काम करणाऱ्यांत चं. वि. कुलकर्णी होते. त्यांनी १९५२ मध्ये कोल्हापूरच्या पंचगंगेतल्या एका छोट्या माशाचं वर्णन केलं. हा मासा इतर माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. कुलकर्ण्यांनी त्याचं नाव ठेवलं निओट्रोपियस खवलचोर. पुढं अभ्यासकांनी त्याला पॅकिप्टेरस प्रजातीत हलवलं, पण 'खवलचोर' मात्र त्याच्या मागोमाग तिथंही गेला.