उशिरा ऐकू आलेली तबकडी

मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ नामक वाद्यवृंदाची ‘ऑब्सेशन ’७७’ ही एल. पी. तबकडी १९८१च्या सुमारास बाजारात आली, तेव्हा ती वाजविणारा वृंद विसर्जित झालेला होता. आणि ज्या ध्वनिमुद्रिकेच्या पाठीशी तिचे कलावंतच उभे राहू शकत नाहीत, तिच्या वाट्याला जी उपेक्षा यावयाची, ती तिच्याही वाट्याला आली. पुढे कितीतरी वर्षे दुर्मीळ तबकड्यांचा माग काढणाऱ्या संग्राहकांच्या याद्यांतच तिचे नाव तेवढे जिवंत होते. २०११ साली लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन’ या संस्थेने ती पुन्हा प्रसिद्ध केली आणि कीथ कांगा, नील चट्टोपाध्याय, मधुकर दास प्रभृतींची नावे देशोदेशींच्या रसिकांना नव्याने ठाऊक झाली. हा शोध परमुलखातल्या माणसांनी लावला याबद्दल मला कृतज्ञताच वाटते. पण या कहाणीचा जो धागा थेट मराठी रंगभूमीपर्यंत येऊन पोहोचतो, तो त्यांच्या हाती लागणे दुरापास्त होते, आणि तो उचलणे हे आपले काम होते.

तो धागा उचलण्याआधी हे संगीत कोणते ते पाहू. काटेकोर व्याख्या लावली तर हा वृंद निखळ ‘ब्लूज’चा नव्हे; त्या काळी ‘सायकेडेलिक रॉक’ म्हणून जो प्रकार जगभर गाजत होता, त्याचा तो उपासक. परंतु त्या प्रकाराची जमीन ब्लूजचीच आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतील कापसाच्या मुलखात, गुलामगिरीतून कायद्याने सुटलेल्या पण दारिद्र्यातून न सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी जे गाणे घडविले, त्याचा रूढ साचा बारा मापांच्या आवर्तनाचा आणि तीन स्वरसंघातांचा. आणि त्याचे सारे मर्म कोमल व शुद्ध गंधार यांच्या मधोमध कोठेतरी आंदोलत राहणाऱ्या त्या एका स्वरात. पियानोच्या पट्ट्यांवर हा स्वर सापडत नाही. गिटारची तार बोटाने ताणूनच तो काढावा लागतो. ज्याचा कान श्रुतिभेदावर पोसला आहे, त्याला हे सांगण्यासाठी शास्त्रार्थाची गरज नाही, आणि म्हणूनच हे संगीत आपल्याला सर्वस्वी परके आहे हे विधान मला कधीच पटलेले नाही.

मुंबईत या संगीताचा प्रवेश, जॅझच्या रूपाने, १९७०च्या कितीतरी आधीचा. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला वृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आले, आणि चर्चमध्ये स्वरलेखन शिकून मुंबईस आलेल्या गोमंतकीय वादकांनी त्यांच्याकडून ही विद्या आत्मसात केली. त्यांतलाच एक, हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट, पुढे संगीतकार सी. रामचंद्र यांचा साहाय्यक झाला, आणि १९५१च्या ‘अलबेला’ने त्याची तुतारी आणि जॅझचा ठेका खेड्यापाड्यांतल्या तंबूपर्यंत नेऊन पोहोचविला. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, जन्मले पुणतांब्यास. आमच्या सायखेड्यावरून गोदावरी, म्हणजे आमची गंगा, पुढे जाते, नांदूरमध्यमेश्वराच्या बंधाऱ्याशी थबकते आणि कोपरगावानंतर पुणतांब्यास पोहोचते. तेव्हा गंगाकाठच्या माणसाने या परदेशी सुरावटीला पाहुणी समजण्याचे कारण उरत नाही.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी मुंबई-कलकत्त्यातील तरुण मुले विद्युत-गिटारी घेऊन उभी राहिली, ती मात्र हॉटेलांतील नोकरीपेशाच्या वादकांची परंपरा मोडून. परदेशी वाद्यावर जबर जकात, आयातीला परवाना, ध्वनिवर्धक यंत्रे हौशी कारागिरांनी जुळवून दिलेली, अशी त्यांची सामग्री होती. एका तंबाखू कंपनीने ‘सिमला बीट’ या सिगारेटच्या जाहिरातीसाठी अखिल भारतीय स्पर्धा भरविल्या आणि विजेत्यांच्या १९७० व १९७१ अशा दोन तबकड्या काढल्या. अनेक वृंदांचा तर तेवढाच काय तो ध्वनिमुद्रित दाखला. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या रात्रगृहात १९७२ साली ‘लेड झेपेलिन’चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट आले नि तेथल्याच वाद्यांवर वाजवून गेले, ही हकीकत त्या पिढीने जन्मभर सांगितली. पण कीर्तीचा हा सगळा कारभार काही महाविद्यालयांची सभागृहे आणि काही रात्रगृहे यांच्या चतुःसीमेतला. पलीकडे चित्रपटसंगीताचे अफाट साम्राज्य. त्या सीमेत राहून पोट भरणे अशक्य होते, आणि वृंद अल्पायुषी ठरण्याचे याहून गूढ कारण शोधण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

आता तो धागा. १९७४ साली अलेक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक-संगीतक रंगभूमीवर आणले. त्यात येशूची भूमिका केली ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’चे गायक मधुकर दास यांनी, आणि त्यांच्यासमोर ज्यूडास म्हणून उभे राहिले नंदू भेंडे. हे भेंडे म्हणजे आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. ज्या घरात बबन प्रभूंच्या फार्सांचा संसार थाटला गेला, ‘झोपी गेलेला जागा झाला’ने मराठी प्रेक्षक ज्या आत्माराम भेंड्यांच्या हजरजबाबीपणावर लुब्ध झाला, त्याच घरातला मुलगा इंग्रजी रॉकच्या मंचावर कंठ मोकळा सोडून गात होता. दोघांचे ते सामोरे येणे ज्या प्रेक्षकांनी पाहिले, त्यांत मराठी नाटकाचा नित्य प्रेक्षक थोडा असणार हे उघड आहे. परंतु चारच वर्षांनी ते गाणे त्याच्या दारी आले.

१९७८ साली पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ केले. मूळ नाटक बर्टोल्ट ब्रेख्तचे, १९२८ सालचे, आणि तेही जॉन गे याच्या १७२८च्या ‘बेगर्स ऑपेरा’वर बेतलेले; ब्रेख्तच्या नाटकाला संगीत दिले होते कुर्ट वाइलने, आणि त्या संगीतात बर्लिनच्या नृत्यगृहांतील जॅझचा अंश मुद्दाम मिसळलेला होता. म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकेचा सूर बर्लिनमार्गे पुण्यास येऊ घातला होता. त्या नाटकात नाट्यपदाची चाल होती, लावणीचा बाज होता, आणि अंकुश या नामांकित गुन्हेगाराच्या तोंडी पाश्चात्य ढंगाची गाणी होती. अंकुश झाले नंदू भेंडे. मुंबईच्या रॉक-मंचावर घडलेला आवाज या भूमिकेतून मराठी शब्दांत उतरला. किर्लोस्करांपासून चालत आलेल्या संगीत रंगभूमीच्या इतिहासात या घटनेला जे स्थान मिळावयास हवे, ते मिळालेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले समीक्षक ब्रेख्तविषयी पुष्कळ बोलले, पुलंच्या भाषांतरकौशल्याविषयी बोलले. त्या कंठाची तालीम कोठे झाली होती, याची चौकशी मात्र क्वचितच झाली.

तबकड्यांचे नशीब विचित्र असते. ऐंशीच्या दशकात कॅसेटींचा सुळसुळाट झाला आणि घरोघरच्या तबकड्या माळ्यावर, तेथून भंगारात गेल्या. ज्या वाचल्या, त्या एकाहून अधिक घरांत होत्या म्हणून. २०१६ आणि २०१९ साली गंगेचे पाणी सायखेडा-चांदोरीच्या घरांत शिरले. ज्या वस्तूची एकच प्रत असते तिचे पुरात काय होते, हे आम्हां काठच्या लोकांना निराळे सांगावे लागत नाही. छापलेल्या तबकडीला हा एक आधार असतो की ती पांगलेली असते. मिसिसिपी जॉन हर्ट या ब्लूज-गायकाने १९२८ साली काही गाणी मुद्रित केली आणि तो विस्मृतीत गेला. पस्तीस वर्षांनी एका संग्राहकाने त्याच्या जुन्या तबकडीत ‘अ‍ॅव्हलॉन’ या त्याच्या खेड्याचा उल्लेख ऐकला, नकाशात ते खेडे हुडकले आणि म्हातारा शेतावर राबताना जिवंत सापडला. त्याच वर्षी, १९६३मध्ये, तो न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारोंसमोर गायला. १९६६ साली वारला, पण तोवर त्याने पुन्हा भरपूर मुद्रण करून ठेवले होते.

शोध लागल्यानंतरची अशी तीन वर्षे आपल्याकडे मात्र वापरली गेली नाहीत. ‘ऑब्सेशन ’७७’चे पुनःप्रकाशन २०११ सालचे; नंदू भेंडे २०१४च्या एप्रिलमध्ये गेले, आत्माराम भेंडे पुढच्याच वर्षी. नाट्यसूचींत नंदू भेंडे नट म्हणून नोंदलेले आहेत, रॉकच्या परदेशी सूचींत त्यांच्या पिढीचे वादक निराळ्या दप्तरात आहेत, आणि ही दोन दप्तरे अद्याप एका मेजावर आलेली नाहीत. ‘तीन पैशाचा तमाशा’च्या वृंदात बसलेले वादक, ‘सुपरस्टार’च्या तालमींना हजर असलेले नट, सिमला बीटच्या मंचावर चढलेले त्या काळचे विद्यार्थी यांच्यापैकी जे आज सत्तरी ओलांडून आहेत, त्यांच्या जबान्या नोंदविण्याचे काम एखाद्या विद्यापीठाच्या नाट्यविभागाने किंवा नाट्यपरिषदेच्या शाखेने या हिवाळ्यातच हाती घ्यावे: कोणी काय वाजविले, वाद्य कोठून आणले, चाल कोणी बांधली, आणि प्रयोगाचे ध्वनिमुद्रण असलेली फीत कोणाच्या कपाटात आहे.