मधुमेह आणि म्युकरमायकोसिस : काळा डाग दिसण्याआधीचे निदान

म्युकरमायकोसिस हा मधुमेहींना होणाऱ्या बुरशीसंसर्गांपैकी अत्यंत घातक आजार आहे. त्याला कारणीभूत असलेली बुरशी, भारतात बहुधा रायझोपस, मातीत, कुजलेल्या पालापाचोळ्यात आणि शिळ्या पावावरही वाढते. तिचे बीजाणू श्वासावाटे सगळ्यांच्याच नाकात जातात. निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी ते तिथेच नष्ट करतात. साखर सतत वाढलेली असली की या पेशी मंदावतात. त्यातच इन्सुलिनअभावी कीटोॲसिडोसिस होऊन रक्तातली आम्लता वाढली, तर प्रथिनांनी धरून ठेवलेले लोह सुटे होते आणि त्यावर बुरशी फोफावते. २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रात हे रुग्ण एकाएकी वाढले. त्यांतल्या बहुतेकांना मधुमेह होता आणि अनेकांना स्टिरॉइड दिलेले होते.

ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते. तिथे गुठळ्या होतात, रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरून काळा पडतो. म्हणजे टाळूवरचा किंवा नाकातला काळा डाग ही उशिराची खूण. तिची वाट पाहणे महागात पडते. सुरुवात साधी असते. एकाच बाजूचा गाल दुखतो किंवा बधिर होतो, एकच नाकपुडी चोंदते, शेंबडात रक्त येते, वरचा धडधाकट दात हलू लागतो. सायनस समजून वाफ घेतली जाते, दात काढला जातो आणि हिरडीची जखम भरत नाही. ताप नसेलही. पापणी सुजली, खाली पडली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर संसर्ग डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोहोचलेला असतो. अशा वेळी त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायला हवे. हा संसर्ग फुप्फुसातही होतो आणि तिथे क्षयरोगाचा समज होऊ शकतो.

एमआरआय आणि सीटी स्कॅनवरून संसर्ग कुठवर गेला ते कळते. निदान मात्र बाधित भागाचा तुकडा तपासूनच पक्के होते. दुर्बिणीतून पाहताना नाकाचे अस्तर आधी फिकट दिसते. तिथला तुकडा काढून त्याचे दोन भाग करतात : एक फॉर्मालिनमध्ये, दुसरा सलाइनमध्ये. सलाइनमधल्या भागावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकले की पेशी विरघळतात, बुरशी उरते आणि काही तासांतच उत्तर मिळू शकते. या आजाराच्या बुरशीचे, म्हणजे म्युकरचे, तंतू रुंद, फितीसारखे, क्वचितच आडपडदे असलेले आणि जवळपास काटकोनात फुटणारे असतात. ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे तंतू बारीक, ठळक पडद्यांचे, लघुकोनात फुटणारे. हा फरक ओळखण्यावर औषध ठरते, कारण ॲस्परजिलसवर चालणारे व्होरिकोनॅझोल म्युकरवर निरुपयोगी आहे. तिथे ॲम्फोटेरिसिन बी लागते.

तुकडा कुटला तर म्युकरचे नाजूक तंतू मरतात, म्हणून कल्चरसाठी तो फक्त बारीक कापायचा असतो. तरीही कल्चर पुष्कळदा कोरे येते. गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकन या रक्तचाचण्यांत म्युकर सापडत नाही, त्यामुळे त्यांच्या निगेटिव्ह अहवालावर निर्धास्त राहता येत नाही. लक्षणे बोलकी असतील तर साखर आटोक्यात आणणे, औषध आणि मृत भाग काढण्याची शस्त्रक्रिया अहवालासाठी थांबवत नाहीत. पहिल्या तुकड्यात काही मिळाले नाही, तर दुर्बीण पुन्हा घालून नवा तुकडा घेतात.