गडग्यापलीकडची माशी

१ मे २०१४ रोजी युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबविली. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांनाही मज्जाव झाला. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळांच्या व भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि तत्सम कीड आढळली, हे त्यामागचे कारण होते. आंब्यावरील बंदी २०१५ च्या हंगामापूर्वी उठली. परंतु असा प्रसंग पहिलाच नव्हता. जपानने १९८६ मध्ये भारतीय आंबा बंद केला, तो २००६ पर्यंत. अमेरिकेची दारे १९८९ पासून २००७ पर्यंत बंद होती. अशा वेळी परकीयांच्या व्यापारी हेतूंची चर्चा होते, आणि ती सर्वस्वी निराधार असते असेही नाही. तथापि त्या गदारोळात मूळ प्रश्न बाजूस पडतो. ही माशी केव्हा वाढते, कोणाच्या बागेत वाढते आणि तिला आवरण्याचे काम कोणी करावयाचे, हा तो प्रश्न होय. कीटकशास्त्राइतकाच तो अर्थशास्त्राचाही आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी आणि आनुवंशिकतेच्या प्रयोगांमुळे पाठ्यपुस्तकांत गेलेली चिमुकली माशी ती ही नव्हे. ती सडक्या फळावर जगते. बागायतदाराची वैरीण असलेली फळमाशी वेगळ्या कुळातील असून ती झाडावरच्या धडधाकट फळात, ते पाडाला येत असताना, सालीखाली अंडी घालते. वरून सुईच्या टोकाएवढा डाग दिसतो किंवा दिसतही नाही. आत अळ्या गर खातात, फळ गळते, अळ्या बाहेर पडून मातीत शिरतात, तेथे कोष करतात आणि काही दिवसांनी नवी माशी जमिनीतून वर येते. या एका नावाखाली अनेक जाती नांदतात. आंबा, पेरू, चिकू यांवरील दोन-तीन जाती एका गोत्रातल्या. मांडवावरची काकडी, दोडकी, कारली नासविणारी जात निराळी.

या माशीचे एक पंचांग आहे, आणि ते बागायतदाराच्या पंचांगाशी विचित्र रीतीने जुळते. थंडीत तिची संख्या अगदी कमी असते. फाल्गुनापासून ऊन वाढू लागले की ती हळूहळू वाढते. वळवाचे पाऊस पडले, हवेत दमटपणा आला आणि झाडावर पिकती फळे असली की तिला ऊत येतो. कोकणात हा काळ साधारणतः मेचा उत्तरार्ध आणि जून. म्हणूनच मार्चमध्ये बाजारात जाणारा पहिला हापूस बहुधा निर्वेध सुटतो आणि मागाहून येणारे फळ मार खाते. आंबा संपला तरी तिची उपासमार होत नाही. पावसाळी पेरू असतो, जाम असतो, शाळांच्या आवारातला देशी बदामही असतो. पावसाळ्यातला पेरू कापल्यावर आत अळ्या आणि हिवाळ्यातला पेरू स्वच्छ, हा अनुभव घरोघरी आहे. त्याचे कारण या पंचांगातच आहे.

आता याच पंचांगाशेजारी बाजारभावाचे पंचांग ठेवून पाहावे. हापूसची पहिली पेटी सर्वांत महाग. एप्रिलमध्ये आवक वाढते, भाव उतरतो. मेअखेरीस उरलेला माल कॅनिंगच्या कारखान्याकडे किलोच्या भावाने जातो. पावसाची चाहूल लागली की बाहेरगावचे मजूर परततात, राखणदार जातात आणि झाडाखाली पडलेल्या फळाला कोणी वाली उरत नाही. अर्थात माशी जेव्हा अधिकात अधिक असते, नेमकी तेव्हाच फळाची किंमत कमीत कमी असते. ज्या दिवसांत गळलेली फळे रोज वेचून खोल खड्ड्यात पुरणे सर्वांत गुणकारी, त्याच दिवसांत ते काम वैयक्तिक हिशेबात सर्वांत तोट्याचे ठरते. बागायतदार आळशी आहे म्हणून फळे कुजतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो आपल्या हिशेबाने वागतो. मात्र त्याच्या वहीत शेजाऱ्याचे नुकसान मांडलेले नसते.

हा तिढा कोकणातील मालकीच्या पद्धतीने आणखी घट्ट केला आहे. कित्येक वाड्या हंगामापुरत्या ठेकेदाराला दिल्या जातात. ठेकेदाराचा संबंध शेवटच्या विकाऊ फळापर्यंत. जमिनीत जाणाऱ्या अळीशी त्याला काय कर्तव्य? दुसरीकडे सातबाऱ्यावर डझनभर नावे असलेल्या सामाईक वाड्या आहेत. त्यांतील बहुतेक नावे मुंबईत नोकरीला, काही पुण्यात, काही परदेशांत. मे महिन्याच्या सुटीत मंडळी येतात, चार पेट्या बांधतात आणि शाळा सुरू होण्यापूर्वी परततात. खाली पडलेले रायवळ आंबे ही कोणाचीच मालमत्ता नसते. १६ मे २०२१ च्या सुमारास तौक्ते वादळाने रत्नागिरी-सिंधुदुर्गात तयार आंब्याचा सडा पाडला. त्या वेळी बागायतदारापुढे मोडलेल्या कलमांचे आणि उडालेल्या कौलांचे संकट होते. फळे वेचण्याचा उपदेश ऐकण्याच्या मनःस्थितीत कोण असणार? परंतु माशीच्या दृष्टीने अशी वर्षे पर्वणीचीच.

यावर उपाय म्हणून सापळा पुढे केला जातो, आणि तो चांगलाही आहे. त्याची कुळकथा भारतातलीच आहे. बिहारमधील पुसा येथे काम करणाऱ्या हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये सिट्रोनेला तेलाकडे या माशीचे नर झेपावतात अशी नोंद केली, आणि त्यामागचे द्रव्य मिथाईल युजेनॉल हे असल्याचे १९१५ मध्ये दाखविले. हेच द्रव्य तुळशीतही असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने याच तत्त्वावर ‘रक्षक’ सापळा तयार केला; हेक्टरी चार सापळे लावण्याची त्याची शिफारस आहे. सापळ्यात मेलेल्या माशांचा खच पाहून बागायतदाराला समाधान वाटते. हे समाधान मात्र काहीसे फसवे असते. सापळ्यात पडतात ते केवळ नर. एक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि दोन-चार गुंठ्यांच्या वाडीत नर संपविले तरी शेजारच्या वाडीत फळलेली मादी गडगा ओलांडून येतेच. शिवाय काकडी-कारल्याची माशी या द्रव्याकडे फिरकतही नाही. तिचे आमिष वेगळे. एवंच, एकट्याने लावलेला सापळा माशी मोजण्याच्या कामी येतो. तिला खाली आणण्यासाठी तो सगळ्या गावाने एकाच वेळी लावावा लागतो.

सगळ्यांनी एकदम केल्यास काय घडते, याचा पुरावा उपलब्ध आहे. पॅसिफिक महासागरातील रोटा या लहानशा बेटावरून १९६० च्या दशकात याच आमिषाच्या बळावर ही माशी नाहीशी करण्यात आली. जपानने ओकिनावा आणि आसपासच्या बेटांवर आमिष व कीटकनाशक शोषलेले तुकडे माणसांकरवी आणि हेलिकॉप्टरमधून सर्वत्र टाकले, आणि १९८६ मध्ये आपल्या भूमीवरून तिचे उच्चाटन केले. भारतीय आंब्यावर जपानी बंदी आली तीही याच वर्षी. ज्या देशाने इतका खर्च करून माशी घालविली, तो ती पेटीतून पुन्हा घरात घेईल, ही अपेक्षाच चुकीची होती. अर्थात ओकिनावाची नक्कल कोकणात होणार नाही. तेथे ती परकी होती आणि चहूबाजूंनी समुद्र होता. येथे ती मूळची रहिवासी आहे आणि रानातली झाडेही तिला आश्रय देतात. निर्मूलन हे येथे दिवास्वप्न आहे. संख्या दाबून ठेवणे एवढेच साध्य.

निर्यातदारांनी यातून आपला मार्ग काढला आहे. अमेरिकेला जाणारा आंबा किरणोत्सर्जनाची प्रक्रिया करून जातो. लासलगावच्या केंद्रातून २००७ मध्ये त्याचा आरंभ झाला. युरोपसाठी ४८ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात तासभर बुडविण्याची पद्धत आहे, जपानसाठी उष्ण बाष्पाची. या सोयी आवश्यकच होत्या. पण त्यांनी पेटीतली अळी मरते, बागेतली नव्हे. निर्यातीचा वाटा एकूण उत्पादनात अल्प. उरलेला आंबा, सगळा पेरू आणि परसातला मांडव यांना या यंत्रांचा उपयोग शून्य. परदेशी ग्राहकाला अळीविरहित फळाची हमी आणि दादरच्या ग्राहकाला नशिबाचा हवाला, अशी ही वाटणी आहे. तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही हे नवल.

सार्वजनिक पैसा खर्चच करावयाचा, तर तो कशावर, याचा फेरविचार व्हावयास हवा. बहुतेक योजनांचे अनुदान खातेदाराला मिळते. माशीला खातेदार ठाऊक नाही. तोच पैसा गावाच्या हिशेबाने दिला, वाडीगणिक सापळे एकाच आठवड्यात टांगले, आणि मे-जूनमध्ये बंद वाड्यांतली फळे वेचण्यासाठी मजुरी दिली, तर रुपयाचे मोल वाढेल. सापळ्यातील माशांची आठवड्याची मोजणी जातवार नोंदवून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे हे कामही क्षुल्लक नाही. कोणत्या आठवड्यात कोणती माशी किती, हे ज्ञान एकट्या शेतकऱ्याने जमविण्यासारखे नसते, आणि जमविले तरी त्याचा लाभ सगळ्यांना होतो. म्हणूनच ते कोणी जमवीत नाही. गावच्या हायस्कुलातील विज्ञान शिक्षक आणि नववीचे विद्यार्थी ही मोजणी सहज करू शकतील. मेच्या सुटीची अडचण आहे, पण ती मानधनाने सुटण्याजोगी आहे.

राहिला ठेक्याचा प्रश्न. ठेक्याच्या करारात, शेवटच्या तोडणीनंतर वाडीतील गळ वेचून पुरण्याचे एक कलम घालावे आणि ठरलेल्या रकमेचा लहानसा भाग अनामत म्हणून जूनअखेरपर्यंत राखून ठेवावा. ठेकेदार ही मजुरी मालकाला द्यावयाच्या रकमेतून कापून घेईल, हा आक्षेप बरोबर आहे. मुंबईत बसलेल्या मालकांना तेवढे कमी पैसे मिळतील. ही कपात दोन-तीन गड्यांच्या काही दिवसांच्या मजुरीएवढी असेल, आणि आज तोच खर्च गडग्यापलीकडचा पेरूवाला आपल्या नासलेल्या मालातून भरीत आहे.